आधी उजेड, मग खत

अम्मींनी दिलेली क्रोटनची कुंडी मी अकोल्याहून अमरावतीला आणली, तेव्हा पाने लाल-पिवळी होती. बैठकीत शोभेल म्हणून आतल्या कोपऱ्यात ठेवली. दोन महिन्यांत रंग उडाला, खालची पाने गळू लागली. उपाशी असेल, म्हणून चमचाभर युरिया टाकला. आठवड्यात पानांचे काठ करपले. अम्मींना काय सांगू, हीच चिंता!

चूक माझीच होती. खताला आपण झाडाचे अन्न म्हणतो. पण अन्न झाड स्वतःच करते, पाणी, हवा आणि उजेड यांपासून. खत म्हणजे मीठ-मसाला. चूलच पेटली नाही, तर मसाला वाढवून काय होणार? युरियात ४६ टक्के नत्र असते. अंधारात वाढ मंदावलेले झाड ते वापरू शकत नाही. मातीत क्षार साचतात, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पाने जळतात.

शाळेत मुलींसोबत हे करून पाहिले. एकाच मनीप्लांटच्या चार फांद्या चार कुंड्यांत लावल्या : दोन खिडकीत, दोन कपाटामागे. प्रत्येक जोडीत एकीलाच खत दिले. खिडकीतली खतवाली सर्वांत भरली. पण खिडकीतली बिनखताचीही कपाटामागच्या खतवालीपेक्षा टवटवीत होती. कपाटामागे नुसते लांबट देठ आणि बारीक पाने.

मात्र उजेड म्हणजे वऱ्हाडातले दुपारचे ऊन नव्हे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. सकाळचे ऊन द्यावे, दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी. क्रोटनला भरपूर उजेड हवा. अॅग्लोनिमा, स्नेक प्लांट कमी उजेडातही तग धरतात.

पावसाळ्यात, वाढीच्या दिवसांत, १५ दिवसांनी लिटरभर पाण्यात १ ग्रॅम १९:१९:१९ पुरे. तेही ओल्या मातीत. घरातल्या झाडाला महिन्यातून एकदाच. खत जास्त झाले, तर तळाच्या भोकातून वाहेपर्यंत साधे पाणी दोन-तीनदा घालावे. अधिक शंका असल्यास अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात उद्यानविद्येचे जाणकार आहेत, त्यांना विचारावे.

मी कुंडी अशीच धुतली आणि पूर्वेच्या खिडकीत ठेवली. करपलेली पाने गेलीच; पण नवी फुटली आणि हळूहळू रंगली. ईदला अम्मी आल्या, कुंडीजवळ थांबल्या. म्हणाल्या, “आता बरी जागा दिलीस.”