डावा टॅकल

रग्बी लीगमध्ये ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला आडवं जायचं नसतं. गेलात की पंचांची शिट्टी वाजलीच. सिडनीच्या बँक्सटाउन भागात १९९७ साली एका सामोअन कुटुंबात जन्मलेला जॉर्डन मायलाटा हा नियम पाळतच मोठा झाला. पुढे साउथ सिडनीच्या वीस वर्षांखालच्या संघात तो खेळला. उंची सहा फूट आठ इंच, वजन दीडशे किलोच्या वर. पण रग्बी लीगमध्ये ऐंशी मिनिटं धावायचं असतं, आणि तिथे असलं वजन ओझंच ठरतं.

अमेरिकन फुटबॉलला नेमका असाच देह हवा होता. २०१८च्या सुरुवातीला एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या परदेशी खेळाडूंसाठीच्या योजनेतून तो फ्लोरिडात शिकायला गेला आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतलं. तोवर तो या खेळाचा एकही सामना खेळलेला नव्हता!

त्याला दिलेलं काम म्हणजे रग्बी लीगमध्ये शिट्टी वाजते तीच गोष्ट: चेंडू हातात नसलेल्याला आडवं जायचं. चेंडू घेऊन उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकपुढे पाच जणांची भिंत असते: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि टोकांना टॅकल. (नाव टॅकल, पण हा गडी कुणाला टॅकल करत नाही.) उजव्या हाताचा क्वार्टरबॅक फेकीसाठी वळला की त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून धावून येणारा त्याला दिसत नाही. तो दोन-तीन सेकंद थोपवून धरायचा, ही डाव्या टॅकलची जबाबदारी.

पंचाईत अशी, की समोरचा पुढे धावत येतो आणि याला मात्र मागे सरकत त्याच्यासमोर राहावं लागतं. बाहेरचा, म्हणजे डावा पाय मागे टाकायचा, उजवा त्याच्यामागून ओढून घ्यायचा. पाय एकमेकांत अडकू द्यायचे नाहीत, कंबर खाली ठेवायची. हातांची वेळ तर त्याहून अवघड. लवकर पुढे केले तर प्रतिस्पर्धी ते झटकून बगल देतो, उशीर झाला तर छातीवर आदळतो. तळहात बसायला हवेत त्याच्या छातीवर, खांद्यांच्या आत. बाहेरून मिठी मारून ओढलं की दहा यार्डांचा दंड.

पुढे मुसंडी मारण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे उलटं चालणं जेफ स्टाउटलंड या प्रशिक्षकाने शिकवलं. पाठीच्या दुखण्यामुळे पहिल्या दोन हंगामांत मायलाटाला लीगचा एकही सामना मिळाला नाही. माझ्या मते तो घडला त्या रिकाम्या काळातच, कारण नवख्याला मैदानावर चुका करत शिकू देण्याइतकी उसंत या खेळात कुणाला नसते. २०२० मध्ये संधी मिळाली. २०१९ साली पहिल्या फेरीत घेतलेल्या आंद्रे डिलार्डला मागे टाकून २०२१ मध्ये त्याने डावी जागा पटकावली आणि चार वर्षांचा, ८ कोटी डॉलरपर्यंतचा करारही.

चेंडू घेऊन पळायचा डाव असला की मात्र त्याचं जुनं अंग कामी येतं. तेव्हा पुढेच रेटायचं असतं. २०२४च्या हंगामात ईगल्सचा चेंडू घेऊन पळणारा सेक्वॉन बार्कली २,००५ यार्ड धावला, तो याच भिंतीने पाडलेल्या खिंडारांतून. त्या हंगामाच्या शेवटी ईगल्सने सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवलं.

ईगल्सचा सामना पाहायला मिळाला तर चेंडूचा नाद सोडून डाव्या टोकाच्या ६८ नंबरवर नजर ठेवा. डावा पाय किती मागे पडतो, हात कधी सुटतात, एवढंच बघा. चेंडू कुठे गेला ते रिप्लेमध्ये कळेल.