पंडिता रमाबाईंचा इंग्लंडशी वाद
वाँटेज, ऑक्सफर्डशर

इंग्लंडात धर्मश्रद्धा ही राज्यव्यवस्थेतही गुंतलेली आहे. राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च शासक. त्या चर्चचे 26 बिशप संसदेच्या वरच्या सभागृहात बसतात. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्केच निघाले, तरी ही व्यवस्था कायम आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याच्या वाचकाला हा देश समजून घ्यायचा असेल, तर वाँटेजपासून सुरुवात करावी. राजा आल्फ्रेडचं हे जन्मगाव. इथेच 29 सप्टेंबर 1883 रोजी पंडिता रमाबाई आणि त्यांची चिमुकली मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा झाला आणि वाद पेटला.

वादाचं मूळ फार जुनं. येशू देव होता की देवाने निर्माण केलेला श्रेष्ठ जीव? अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता, पुत्र, म्हणजे येशू, निर्माण केलेला आहे. 325 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया इथे बिशपांची परिषद भरवली. पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे, असा निर्णय तिथे झाला. पुढे 451 मध्ये कॅल्सिडनच्या परिषदेने ठरवलं की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे. स्वभाव दोन, व्यक्ती एकच. इंग्लंडात हा केवळ पंडितांचा खल राहिला नाही. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, नाकारणाऱ्या एडवर्ड वाइटमनला 1612 साली लिचफील्डला जिवंत जाळलं गेलं. त्रैक्य नाकारणं हा कायद्याने गुन्हा राहिला नाही, तो थेट 1813 पासून.

रमाबाई आल्या तेव्हा शिक्षा उरली नव्हती, पण पठण उरलं होतं. 1662 च्या प्रार्थनापुस्तकानुसार वर्षातून 13 सणांना अथनेशियसचा मतांगीकार म्हणायचा. त्यात त्रैक्य तपशिलाने मांडलं आहे, आणि हा विश्वास न धरणाऱ्याचा कायमचा नाश होईल, असंही बजावलं आहे. खुद्द इंग्रज धर्मगुरूंमध्ये 1870 च्या दशकात यावरून मोठं वादळ उठलं होतं. रमाबाईंनी वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींना (सिस्टरना) त्रैक्याविषयी आणि येशूच्या देवत्वाविषयी शंका विचारल्या, तेव्हा त्या या देशाचाच जुना प्रश्न विचारत होत्या.

या जोगिणींपैकी, ज्यांना रमाबाई आजीबाई म्हणत, त्या सिस्टर जेराल्डिन यांना हे मानवलं नाही. त्यांच्या लेखी नव्या ख्रिस्ती बाईने चर्चची शिकवण आधी स्वीकारावी. रमाबाईंचं म्हणणं उलट होतं: बायबल वाचून, विचार करून जे पटेल तेवढंच मानीन. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत, हाही प्रश्न त्यांनी केला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंकांना युक्तिवादाने उत्तरं दिली. हा सगळा पत्रव्यवहार पुढे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली 1977 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला.

या वादाचा खरा पेच इंग्रजांपेक्षा हिंगोलीकडच्या माणसाला लवकर कळेल. नरसी नामदेव आणि औंढा नागनाथ ज्या मुलखात आहेत, तिथे देव माणसाच्या रूपात येतो हे कानाला खटकत नाही. खटकतं ते पुढचं: तो एकदाच आला, आणि त्याची भूक, थकवा, मरण ही लीला नव्हती, खरीच होती. कॅल्सिडनच्या ‘पूर्ण मनुष्य’ या शब्दांचा भर यावरच आहे. रमाबाई पुराणिक घराण्यातल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थोतीर्थी पुराणं सांगत त्यांचं बालपण गेलं, आणि 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. अवतारकथांवरची त्यांची श्रद्धा मोठी किंमत मोजून सुटली होती. एकेश्वरापाशी पोचलेल्या या बाईला पुन्हा मनुष्यदेहातला देव मान म्हणणं, म्हणजे सोडलेल्या घरी परत जा म्हणण्यासारखं होतं. जोगिणींना यात अहंकार दिसला. तो सचोटीचा आग्रह होता, असं पत्रं वाचताना ठामपणे जाणवतं.

त्यांना वाट दाखवली ती एका मराठी माणसाने. काशीचे चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे 1848 साली ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोऱ्हे झाले होते. त्यांच्या लेखनाचा आपल्यावर परिणाम झाला, हे रमाबाईंनी स्वतःच नोंदवलं आहे. 1886 च्या सुरुवातीला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला निघाल्या, तेव्हाही प्रश्न सुटलेला नव्हता. ख्रिस्त खऱ्या अर्थाने आपल्याला भेटला तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनी 1907 च्या साक्षीत लिहिलं. तेव्हा त्या भारतात होत्या, इंग्लंडच्या कोणत्याही बिशपच्या देखरेखीबाहेर. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तोवर ते काम चालू होतं.