छपरावर पत्रे आले

रमजान ईदच्या आधी तुमच्या घरी फित्रा काढतात. काही घरांतून तो गव्हाच्या रूपाने दिला जातो, तर काही घरांतून तेवढ्या गव्हाची किंमत रोख दिली जाते. गरिबाला वस्तू द्यावी की पैसे द्यावेत, हा प्रश्न तसा जुनाच आहे. ब्लँकेट दिले तर ते थंडीत अंगावर घेतले जाईल, एवढे तरी देणाऱ्याला ठाऊक असते. पैशांचे तसे नाही. म्हणूनच पुष्कळांना वाटते, की गरिबाच्या हातात रोख पैसे दिले तर ते दारूत आणि तंबाखूत जातील.

हे खरे आहे का? आफ्रिका खंडातील केनिया देशात याची नीट पाहणी झाली आहे.

केनियाच्या पश्चिमेला व्हिक्टोरिया नावाचे विशाल सरोवर आहे. त्याच्या काठी सियाया नावाचा जिल्हा आहे. तेथील लोक मका पिकवतात, शेळ्या-कोंबड्या पाळतात. मक्याच्या पिठापासून केलेली घट्ट उगाली हे त्यांचे रोजचे जेवण. गरिबाच्या घराच्या भिंती मातीच्या आणि छप्पर गवताचे असते. तेथे वर्षातून दोनदा पाऊस येतो, एकदा मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. पावसाने गवत कुजते, छप्पर गळू लागते आणि एक-दोन वर्षांत नवे गवत घालावे लागते. गवताला पैसे पडतात, मजुरीही द्यावी लागते. त्याऐवजी एकदाच पत्रे घातले तर कितीतरी वर्षे काळजी नाही. हा हिशेब तेथील प्रत्येक आईबापाला कळतो. पण पत्र्यांचे पैसे एकदम मोजावे लागतात आणि तेवढे कधी साठतच नाहीत. त्यामुळे गरीब माणूस थोडे थोडे करून पत्र्यांपेक्षा जास्त पैसे गवतावरच घालवतो. गरिबी अशी महाग पडते!

२०१४ ते २०१७ या काळात गिव्हडायरेक्टली नावाच्या संस्थेने या जिल्ह्यात मदत वाटली. एडवर्ड मिगेल आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी ६५३ गावांची पाहणी केली. मदत कोणत्या गावांना द्यायची हे सोडत काढून ठरवले. त्या गावांत ज्यांच्या घरावर गवताचे छप्पर होते, अशा १०,५०० हून अधिक कुटुंबांना पैसे मिळाले. प्रत्येक कुटुंबाला सुमारे १,००० डॉलर, म्हणजे ८७,००० केनियन शिलिंग. तेथील कुटुंबाच्या वर्षभराच्या खर्चाच्या पाऊणपट एवढी ही रक्कम होती. ती परत करायची नव्हती आणि कशावर खर्च करावी याची अटही नव्हती.

पैसे मोबाइलवर आले. केनियात २००७ पासून एम-पेसा नावाची सोय आहे. बँकेत खाते नसले तरी चालते. पैसे आल्याचा संदेश फोनवर येतो आणि जवळच्या दुकानात जाऊन रोख रक्कम घेता येते. ‘पेसा’ हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला असेल. तो आपला ‘पैसा’च! १९२० पर्यंत पूर्व आफ्रिकेत रुपयाच चालत असे.

आता समजा, तुम्ही अशाच एका घरातील थोरले मूल आहात. पहिल्यांदा ७,००० शिलिंग येतात. त्यातून दुकानदाराची उधारी फिटते, घरात मक्याचे पोते येते. दोन महिन्यांनी ४०,००० येतात. त्या रात्री आईवडील उशिरापर्यंत बोलत बसतात. आठवड्याभरात छपरावर पत्रे चढतात. मग पाऊस येतो. पत्र्यांवर एवढा आवाज होतो, की बोललेले ऐकू येत नाही. सवयीने तुमची आई अंधारात उठते, गळक्या जागी भांडे ठेवायला जाते आणि भांडे हातात घेऊन तशीच उभी राहते. सकाळी पत्र्यांच्या पन्हळीखाली ठेवलेला पिंप भरलेला असतो. त्या दिवशी तुम्हांला पाण्याला जावे लागत नाही. सहा महिन्यांनी उरलेले ४०,००० येतात. त्यांची गाय घ्यावी की छोटेसे दुकान काढावे, यावरून घरात दोन दिवस वाद होतो.

हे घर कल्पनेतले आहे. पण हप्त्यांच्या रकमा खऱ्या आहेत.

आणि दारू? याच भागात २०११ ते २०१३ मध्ये आणखी एक पाहणी झाली होती. मदत मिळालेल्या घरांत दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही, असे तिच्यात आढळले. खाण्यापिण्यावरचा खर्च वाढला आणि जनावरे वाढली. ज्यांना पैसे दर महिन्याला थोडे थोडे मिळाले त्यांच्या घरी जेवणाची ददात कमी झाली. ज्यांना एकदम मिळाले त्यांनी पत्र्यांसारख्या टिकाऊ गोष्टी घेतल्या. पैसे तेच, पण देण्याची रीत बदलली की त्यांचे कामही बदलते.

ज्यांना काही मिळाले नाही त्या शेजाऱ्यांचे काय झाले? पत्रे घालणाऱ्या घराने सुताराला मजुरी दिली, सुताराने दुकानातून साखर घेतली. मदतीच्या प्रत्येक शिलिंगामागे त्या भागात सुमारे अडीच शिलिंगांची उलाढाल वाढली आणि भाव मात्र जवळजवळ वाढले नाहीत, असे या अर्थशास्त्रज्ञांना आढळले. शेजाऱ्यांच्या घरचा खर्चही वाढला. तरीही ‘त्याला मिळाले, मला का नाही?’ हे मनात आल्याशिवाय राहत नसेल.

सगळ्यांनी पैसे आनंदाने घेतले, असेही नाही. जवळच्या होमा बे जिल्ह्यात २०१५ च्या सुमारास बऱ्याच कुटुंबांनी चक्क नकार दिला. घाम न गाळता आलेला पैसा सैतानाचा असतो, अशी अफवा तेथे पसरली होती. हसू नका. अनोळखी माणूस दारात येऊन फुकट पैसे देऊ लागला, तर तुमच्या आजीने तरी ते लगेच घेतले असते का?

२०२५ मध्ये सियायाबद्दलची आणखी एक माहिती प्रसिद्ध झाली. मदत मिळालेल्या घरांत एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. बाळंतपणाच्या आधीचे काही महिने त्या आयांना शेतात पूर्वीइतके राबावे लागले नाही. पोटापुरते अन्न मिळाले. कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात जाण्यासाठी हाती पैसे होते. मात्र दवाखाना जवळ होता अशाच ठिकाणी हा फरक मोठा दिसला. जेथे तो दूर होता तेथे पैसे असूनही तेवढा फरक पडला नाही.