डवऱ्यावरची मूठ आणि मोटारीचे चाक

पऱ्हाटीत डवरा धरलेल्या जाणत्या माणसाचा हात कधी निरखून पाहिला आहे काय? रुमण्यावरची मूठ सैल दिसते. पण पास धसकटाला अडली की मनगट त्याच क्षणी ताठ होते, अडथळा सरला की पुन्हा मोकळे. नवशिके पोर मात्र पहिल्या तासापासून रुमणे आवळून धरते. दुपारपर्यंत त्याचे खांदे भरून येतात आणि डवरा ओळीत शिरतो. जोर पोराच्या अंगात जास्तच असेल, पण तो केव्हा सोडावा हे त्याला कळत नाही.

हे मोजता येते. त्याची युक्ती आपल्या आखाड्यात जुनीच आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. तेव्हा कुस्ती आपल्याला नवी नाही. डाव टाकण्यापूर्वी पहिलवान समोरच्याच्या दंडाला हलकेच ढुसणी देतो. दंड हलला नाही तर गडी ताठ आहे, सरकला तर ढिला. शास्त्रज्ञही हेच करतात. हातातल्या मुठीला किंवा पायाखालच्या पेडलला मोटर बारीक हिसके देते, आणि किती रेट्याला हात-पाय किती सरला याची नोंद होते. कातडीवर चिकटवलेल्या पट्ट्या स्नायूंतील विजेची सूक्ष्म हालचाल टिपतात.

नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या विद्यापीठात डेव्हिड अबिंक यांनी २००६ साली मोटारीच्या अशाच एका पेडलवर प्रबंध लिहिला. पुढची गाडी जवळ आली की ते चालकाच्या तळपायाला उलटे रेटते. ‘पेडल हलू देऊ नका’ म्हटले की पाय ताठ होतो, ‘सैल सोडा’ म्हटले की ढिला पडतो. पण ‘जोर तेवढाच ठेवा, रेटा आला तर वाट द्या’ म्हटले, की तोच पाय सैल सोडलेल्या पायाहूनही सहज मागे सरतो! नुसते ढिले पडणे वेगळे आणि मुद्दाम वाट देणे वेगळे. वाट देताना स्नायू जागे असतात.

अडचण अशी, की हा ताठपणा क्षणाक्षणाला पालटतो. बराच वेळ मोजून सरासरी काढली, तर धसकट लागल्याचा नेमका क्षणच हरवतो. म्हणून तो क्षण पकडणाऱ्या रीती शोधाव्या लागतात.

याचे आपल्याला काय, असे म्हणाल. अमरावती जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. काही नव्या मोटारींचे चाक गाडी पट्ट्याबाहेर जाऊ लागली की आपणहून हाताला ढकलते. ढिल्या हाताला तेवढा रेटा फार होतो, आवळलेल्या हाताला काहीच वाटत नाही. बाप पोराच्या हातावर हात ठेवून डवरा शिकवतो, तेव्हा पोराचा हात ताठला की सैलावला हे त्याला न बोलता उमगते आणि तो आपला जोर कमी-अधिक करतो. यंत्राला ती उमज मोजमापातूनच द्यावी लागते.

तोवर घरात अशी गाडी आली, तर पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवून तो रेटा हाताला ओळखीचा करून घ्या. दोन्ही हात चाकावर असू द्या, मूठ मात्र आवळू नका. आणि ही सोय बंद कुठून करायची, तेही विक्रेत्याकडून आधीच विचारून ठेवा.