लिहिणे शिकता येते : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज, सोसायटीची नोटीस, नोकरीसाठीचे पत्र, दिवाळी अंकाला पाठवायची कथा. लिहिण्याची वेळ सगळ्यांवरच येते. ‘आपल्याला ते जमत नाही’ म्हणून अनेक जण माघार घेतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा पुढचे गैरसमज असतात.

गैरसमज १ : लेखन ही उपजत देणगी आहे.

वस्तुस्थिती : बेंजामिन फ्रँकलिन बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत असताना ‘स्पेक्टेटर’ नियतकालिकातले लेख वाचून त्यांची टिपणे काढत असे. काही दिवसांनी मूळ लेख न पाहता त्या टिपणांवरून तो लेख पुन्हा लिही आणि मुळाशी ताडून आपल्या चुका सुधारी. हे त्यानेच आत्मचरित्रात नोंदवले आहे. नुसत्या वाचनाने लेखन सुधारत नाही. लेखकाने एखादे वाक्य तसे का रचले, हे कळायला ते हाताने लिहून पाहावे लागते. आवडत्या अग्रलेखावर किंवा ललित लेखावर हा प्रयोग आजही करता येतो.

गैरसमज २ : चांगले लिहायला मोठे शिक्षण आणि पुस्तकी भाषा हवी.

वस्तुस्थिती : लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या; अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि आजही मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना संवादाचे रूप निवडले. माणूस समोरच्याशी बोलतो ती भाषा गंभीर विचारही समर्थपणे पेलते.

गैरसमज ३ : जड शब्दांनी लेखनाला वजन येते.

वस्तुस्थिती : ‘सदर मार्गावरील पथदीप बंद असल्याने त्याची दुरुस्ती करण्यात यावी, अशी विनंती करण्यात येत आहे.’ या वाक्यात विनंती कोण करतो, दिवा कुठला आणि तो कधीपासून बंद आहे, यातले काहीच कळत नाही. ‘शाळेसमोरचा दिवा आठ दिवसांपासून बंद आहे. संध्याकाळी मुलींना अंधारातून यावे लागते. तो लवकर दुरुस्त करावा, ही आम्हा पालकांची विनंती.’ या अर्जात ठिकाण, कालावधी, अडचण आणि मागणी चारही गोष्टी आल्या. वजन येते ते अशा नेमक्या तपशिलाने.

गैरसमज ४ : शुद्धलेखन म्हणजे न संपणारे पाठांतर, नाहीतर ते संगणकावर सोडावे.

वस्तुस्थिती : मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२मध्ये स्वीकारले, १९७२मध्ये आणखी चारांची भर पडली. एकूण नियम १८. त्यांतला एकेक समजला की शेकडो शब्द सुटतात. मूल–मुलाला, वकील–वकिलाला, गरीब–गरिबाला : प्रत्यय लागताना शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ ऱ्हस्व होतो. शरीर–शरीरात यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द अपवाद. पात्राचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहायलाही हे नियम मुभा देतात. संगणकाची मदत जरूर घ्यावी, पण ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब; शब्द दोन्ही बरोबर असल्याने चूक त्याच्या नजरेतून निसटू शकते. अशा वेळी अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ हाताशी असावा.

गैरसमज ५ : खरा लेखक एकटाकी लिहितो.

वस्तुस्थिती : साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ काही दिवसांत लिहून काढली, हे खरे. पण तिच्यामागे बालपणापासून जपलेल्या आठवणी होत्या. एरवी पहिला खर्डा आपल्याला काय म्हणायचे आहे ते शोधण्यासाठी असतो, दुसरा वाचकासाठी. तो मोठ्याने वाचावा. जिथे श्वास अपुरा पडतो तिथे वाक्य तोडावे, आणि दोनदा आलेली गोष्ट एकदाच ठेवावी. मग तो एखाद्याला वाचायला देऊन ‘कसे वाटले?’ याऐवजी ‘काय कळले?’ असे विचारावे. त्याने सांगितलेले आणि आपल्याला म्हणायचे होते ते, यांत जिथे फरक पडेल तिथेच दुरुस्ती हवी.

यांतल्या कशासाठीही जन्मजात प्रतिभा लागत नाही. वाचणाऱ्याबद्दल आस्था आणि पुन्हा लिहिण्याची तयारी लागते. तेव्हा पुढचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका, स्वतः लिहा.