गाव विकणे आहे, ओबी व्हॅन कुठाय?

आंदोलन मोठं कोण करतं, माणसं की कॅमेरा? वर्ध्याच्या कापसापासून हिशेब मांडला, तर उत्तर जरा गैरसोयीचं निघतं.

मी वर्ध्याची, असं सांगितलं की पुण्यातल्या ऑफिसात दोनच प्रश्न येतात. ‘ते सेवाग्राम ना?’ आणि ‘तिकडे शेतकरी आत्महत्या करतात ना?’ मधलं काहीच नाही. मी जाहिरात एजन्सीत काम करते. ‘व्हिज्युअल काय आहे?’ हे दिवसातून वीसदा ऐकते. त्यामुळे आमचा अख्खा जिल्हा दोन फोटोंत कसा बसला, ते समजायला मला फार डोकं चालवावं लागत नाही.

डोरली आठवतंय? वर्धा जिल्ह्यातलं छोटंसं गाव. २००५-०६ च्या हिवाळ्यात या गावानं स्वतःलाच विक्रीला काढलं. ‘गाव विकणे आहे.’ घरं, शेतं, गुरंढोरं, सगळ्यासकट! मागे कारण होतं ते कापसाच्या भावाचं. २००४ च्या निवडणुकीत क्विंटलला २७०० रुपये देऊ म्हणून सांगितलं होतं. ते तर सोडाच, राज्याच्या एकाधिकार खरेदीत मिळणारा क्विंटलमागे ५०० रुपयांचा ॲडव्हान्स बोनसही २००५ मध्ये बंद झाला.

आता सांगा, ‘ॲडव्हान्स बोनस पूर्ववत करा’ ही हेडलाइन होते का? कुणी दुसऱ्या ओळीपर्यंतही जाणार नाही. ‘गाव विकणे आहे’ ही मात्र अशी कॉपी आहे की आमच्या अख्ख्या क्रिएटिव्ह टीमनं मान खाली घालावी. कॅमेरे आले, बातमी देशभर गेली.

पण मग पुढच्या गावानं काय करायचं? पुन्हा ‘गाव विकणे आहे’ म्हटलं, तर ती बातमी राहत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शिंगणापूरनं २००६ मध्ये ‘किडनी विक्री केंद्र’ थाटलं आणि उद्घाटनाचं आमंत्रण थेट राष्ट्रपती-पंतप्रधानांना धाडलं. गावकऱ्यांना नावं ठेवायचं कारणच नाही, त्यांना खेळाचे नियम बरोबर कळले होते. टीव्हीला रोज नवीन काहीतरी लागतं आणि कापसाचा भाव बिचारा रोज तोच! म्हणजे बोर्ड दरवेळी आणखी भयानक हवा, आणि बोर्ड जितका भयानक तितकी त्याखालची मागणी बारीक अक्षरात. आमच्याकडे ‘अटी व शर्ती लागू’ लिहितात ना, तशी.

देवळी तालुक्यातल्या आमच्या काकाजींचा हिशेब सरळ आहे. ‘फोटो काढून नेला बाप्पा त्याईनं. पण व्यापाऱ्यानं भाव तोच देल्ला.’

त्याच २००६ च्या मार्च-एप्रिलमधली गंमत ऐका. मुंबईत लॅक्मे फॅशन वीकसाठी ५०० हून जास्त मीडिया पास वाटले गेले. सेन्सेक्सनं पहिल्यांदाच ११ हजार पार केले. आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा त्या हंगामातला आकडा ४०० च्या वर गेला. या तीन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून दाखवल्या पी. साईनाथ यांनी. कॉटनचा कुर्ता घालून हे वाचताना मला जाम अवघडल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू!

म्हणजे शहरी मीडियाला आंदोलनांचं वावडं होतं, असंही नाही हं. नेमक्या त्याच महिन्यांत, ‘रंग दे बसंती’ ताजा असताना, जेसिका लाल खटल्यातले आरोपी सुटले म्हणून इंडिया गेटवर मेणबत्त्या पेटल्या. चॅनेल्सनी एसेमेस मोहिमा चालवल्या, आणि डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयानं मुख्य आरोपीला दोषी ठरवलं. मीडियाचं हे यश खरंच मोठं, त्यात किंतु नाही. पण तिथे एक नाव होतं, एक आरोपी होता, एक निकाल फिरवायचा होता. कापसाच्या भावात आरोपी कोण? सरकारचं धोरण, परदेशातली सबसिडी, सावकार, बियाण्याचा खर्च, न आलेला पाऊस? या सगळ्यांचा मिळून एक फोटो निघत नाही.

३० जून आणि १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. वर्धा जिल्ह्यातल्या वायफडलाही गेले. सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात सिंचन होतं, कर्जावरच्या व्याजाची माफी होती. कापसाचा भाव नव्हता. पण टीव्हीच्या दृष्टीनं गोष्टीला ‘एंड’ मिळाला होता. मंत्री आले, आकडा आला, संपलं. ओबी व्हॅन्स निघून गेल्या. २०१० मध्ये ‘पीपली लाइव्ह’ बघून मल्टिप्लेक्समध्ये लोक खदखदून हसत होते, तेव्हा आमच्याकडचे दोघं-तिघं गप्प बसले होते.

मग मीडिया नसता तर बरं झालं असतं? त्याचाही प्रयोग आमच्या सेवाग्रामच्या एका माणसावर होऊन गेलाय. शाळेतल्या पुस्तकात तो मला कधी भेटला नाही.

ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला उठाव झाला. तो मोडायला गेलेल्या फौजेनं बायकांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी यांनी नोव्हेंबरात उपोषण मांडलं. मध्य प्रांताच्या सरकारनं सोपा उपाय काढला. उपोषणाची बातमीच छापायची नाही! बातमी नाही तर उपोषण नाही, हा फंडा तेव्हाही होता. पण देशभरातल्या संपादकांच्या परिषदेनं उलटा डाव टाकला. बंदी असेल, तर नववर्षाच्या सरकारी किताबांची यादीही आम्ही छापणार नाही, म्हणाले. आणि ६ जानेवारी १९४३ ला वर्तमानपत्रांनी एक दिवसाचा हरताळ पाळला. छापायचीच नाही म्हटलेली बातमी अशी देशभर झाली. १२ जानेवारीला, ६३ व्या दिवशी, तडजोड होऊन उपोषण सुटलं आणि बंदीही उठली.

बातमी अडवली म्हणून एक दिवसाचं उत्पन्न सोडणारे ते मालक-संपादक, आणि ५०० पासवाले आपण. २००६ मध्ये तर विदर्भाच्या बातमीवर कुणाचीही बंदी नव्हती.

आणि गांधीजी? ते तर स्वतःच संपादक. दांडीयात्रा म्हणजे आजच्या भाषेत परफेक्ट मीडिया प्लॅन. मुठीत मीठ घेतलेला माणूस, कुठल्याही देशात समजेल असं व्हिज्युअल. पण त्याच गांधीजींनी १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला माणूस निवडला तो विनोबा, प्रसिद्धीपासून चार हात लांब राहणारा. १७ ऑक्टोबरला पवनारमध्ये एकट्या माणसानं युद्धाविरुद्ध भाषण केलं. सरकारनं ‘हरिजन’ला नोटीस दिली, विनोबांची भाषणं आमच्या परवानगीशिवाय छापायची नाहीत. गांधीजींनी ‘हरिजन’च बंद ठेवला आणि लोकांना सांगितलं, प्रत्येकानं स्वतःच चालतंबोलतं वर्तमानपत्र व्हावं. पुढच्या काही महिन्यांत सुमारे २५ हजार लोक तुरुंगात गेले. दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांनी डिसेंबर २०२० मध्ये ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचं स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, तेव्हा मला पवनार आठवलं. वर्षभर टिकले ते.

उलट अण्णा हजारेंचं बघा. ऑगस्ट २०११ मध्ये रामलीला मैदान चोवीस तास लाइव्ह, आमच्या ऑफिसातही टोप्या आलेल्या! चारच महिन्यांनी, डिसेंबरात, मुंबईच्या एमएमआरडीए मैदानावर उपोषण झालं. तेव्हा कॅमेरे रिकाम्या जागेवर फिरत होते. गर्दी कमी, हीच दिवसभराची बातमी. दुसऱ्या दिवशी उपोषण संपलं. ज्यानं गर्दी मोजून मोठं केलं, त्यानंच गर्दी मोजून लहान केलं.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला आलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च तुम्हाला आठवत असेलच. सोललेल्या, रक्ताळलेल्या पावलांचे फोटो, दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून रात्री चालणं. मुंबईकर पाणी-चपला घेऊन रस्त्यावर उतरले होते. वनजमीन नावावर करा, ही त्यांची मुख्य मागणी. मार्च २०२३ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला, दिंडोरीहून. वनजमिनीचा प्रश्न होताच, सोबतीला कांद्याचा भाव. तो वाशिंदपर्यंत आला आणि तिथून परत गेला.

परवा लंचला हा विषय निघाला, तेव्हा समोरची म्हणाली, ‘हो, तो पायांच्या फोटोवाला ना?’

‘नाही,’ मी म्हटलं, ‘त्याच्या नंतरचा.’

‘नंतर पण झाला होता?’