दहावीनंतर टेक्निकल : इंजिनिअरिंगची दुसरी वाट



दहावीचा निकाल लागला की गटसभेत बेण्याच्या आधी पोरांच्या प्रवेशाचा विषय निघतो. "पोरगं गणितात कच्चं हाये, टाकून देऊ टेक्निकलले," असे एक जण म्हणतो. दुसरा वावर गहाण ठेवून पोराला बाहेरगावी क्लासला धाडायच्या तयारीत असतो. दोघांनीही जरा थांबावे. टेक्निकल म्हणजे ढ मुलांचा कोंडवाडा नव्हे, आणि इंजिनिअर होण्याचा रस्ताही एकच नाही.

शाळेतच हाताला काम शिकवावे, हा विचार जुना आहे. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात त्यावर भर दिला होता. महाराष्ट्रात 1975 साली नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली. पुढे अकरावी-बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रम आले आणि 1988-89 पासून किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. या दुसऱ्या प्रकाराची नावे व रचना नंतर बदलत गेली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. तेथून आठवी ते दहावीच्या मुलांना वर्कशॉप, वीज, शेती-पशुपालन आणि अन्नप्रक्रिया प्रत्यक्ष करून शिकवण्याची पद्धत अनेक शाळांत गेली.

आता वाटा मोजून पाहू. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन तीन वर्षे, अशी एकूण सहा वर्षे. बारावी विज्ञान करून चार वर्षांची पदवी घेतली, तरी सहाच. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय किंवा बारावीचा तांत्रिक व्यवसाय अभ्यासक्रम, नंतर पदविकेचे थेट दुसरे वर्ष व पुढे पदवी, याला लागतात सात. एक वर्ष जास्त जाते खरे, पण मधल्या प्रत्येक टप्प्यावर मुलाच्या हाती काम असते. मध्येच घरची नड निघाली तर पोरगं रिकाम्या हाताने परत येत नाही.

काही गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवाव्या. आयटीआयचा फिटर, टर्नर वा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा असतो, तर वेल्डर एका वर्षाचा. तेव्हा पुढे पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जायचे असेल तर ट्रेड आधीच विचार करून घ्यावा. द्विलक्षी घेणाऱ्या मुलाने भौतिक, गणित यांच्याबरोबर रसायनही सोडू नये, कारण सीईटीत रसायनाचा पेपर असतो. टेक्निकल विषयाचा नसतो. आणि "गणित टाळाले टेक्निकल" हे तर साफ चुकीचे आहे. ड्रॉइंगला भूमिती लागते, विजेला बीजगणित लागते.

त्याचे उदाहरण आपल्या विहिरीवरच आहे. पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर घेते. साध्या डीओएल स्टार्टरची ओव्हरलोड रिले कोणी दहा-बारावर फिरवून ठेवली आणि रात्री एक फेज गेला, तर मोटर जास्त करंट ओढते आणि रिले वेळेवर पडत नाही. सकाळी वाइंडिंग जळाल्याचा वास येतो. ऐन उन्हाळ्यात रिवाइंडिंगचा खर्च तर होतोच, पण उसाची पाण्याची पाळी चुकते ते नुकसान वेगळेच. इलेक्ट्रिकल मेंटेनन्स मन लावून शिकलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगीसुद्धा ही रिले कुठे ठेवावी ते सांगू शकते. म्हणून हा विषय केवळ मुलांचा समजू नये.

साखर कारखान्यालाही हीच माणसे लागतात. गाळप थांबले की मिलची खोलाखोली, टर्बाइन, पंप, पॅनेल यांची कामे निघतात. बॉयलर चालवायला तर परीक्षा पास झालेला प्रमाणपत्रधारक अटेंडंट कायद्याने हवा. कारखाना सभासदांचा आणि कारागीर बाहेरून, असे का व्हावे?

आपल्या वऱ्हाडात सोयही आहे. अमरावतीचे शासकीय तंत्रनिकेतन 1955 चे, तर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 चे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, म्हणजे 1969 साली स्थापन झालेल्या पंजाबरावांच्या नावाच्या विद्यापीठात, कृषी अभियांत्रिकीची पदवी मिळते. तेथे सिंचन, अवजारे आणि मृद्-जलसंधारण हेच शिकवतात. आपल्या मुलांना त्यातले निम्मे घरीच पाहून माहीत असते.

नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी तंत्रनिकेतनात स्वतः जाऊन त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहावी, आणि शाळेची वर्कशॉप चालू आहे की लेथवर धूळ बसली आहे, हेही डोळ्यांनी पाहून यावे. बेणे घेताना आपण डोळा तपासतो, कांडी चिरून पाहतो. पोराच्या शिक्षणाबाबत तेवढी चौकशी तरी व्हावी, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी